आधी चौकोन

चौकोनसरांनी फळ्यावर कधी नुसतं वर्तुळ काढलं नाही. खडू हातात घेतला की आधी फळ्याच्या चारी कडांना टेकेल असा मोठा चौकोन काढायचे आणि मग त्याच्या पोटात वर्तुळं. संचाच्या धड्यात ठीक आहे, तिथं पुस्तकातही तसंच असतं, त्याला विश्वसंच म्हणतात. पण सर टक्केवारी शिकवतानाही चौकोन काढायचे. बाजारातून काय आणायचं ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सांगितलं तरी हातातल्या कागदावर आधी चौकोन, मग आत कोथिंबीर. त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण आम्हा पोरांपैकी कुणी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना स्वतःचं टोपणनाव माहीत होतं. एकदा पालकाचा फोन आला तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलंय, "व्हय, चौकोनसरच बोलतोय."

त्यांचा क्लास शाहूपुरीत, गुळाच्या एका अडत दुकानाच्या माडीवर. खाली गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वर आम्ही. जिना चढतानाच गोड वास यायचा आणि माश्या तर बारा महिने. फळ्यावर माशी बसली की सर तिला हाकलत नसत. "ही कुठल्या संचात बसलीया बघा," म्हणायचे. माशी उडून दुसऱ्या वर्तुळात गेली की परत विचारायचे. आम्ही हसायचो. हसता हसता उत्तर बरोबर यायचं आणि ते आल्याचं आम्हाला कळायचंही नाही.

मला तिथं माझ्या वडिलांनी ओढत नेलं होतं. ते एका कचेरीत शिपाई होते. आमच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत, दहावीच्या पुढं गेलेली पोर तोवर एकही नव्हती आणि ती मीच व्हायचं असं त्यांनी माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं. मला काही ते झेपणारं नव्हतं. नववीत मी गणितात सपाटून मार खाल्ला होता. संयोग आणि छेद हे दोन शब्द दिसले की मी पान उलटायचे. सरांनी माझी उत्तरपत्रिका बघितली, वडिलांकडं बघितलं आणि म्हणाले, "हिला गणित येत न्हाय असं न्हाय. हिला भ्या वाटतंय. भ्या घालवायला दोन आठवडं द्या, गणित मग बघू."

पावसाळ्याचे दिवस होते. सरांनी फरशीवर खडूनं चौकोन काढला, आत दोन मोठे गोल, एकमेकांत थोडे घुसलेले. "छत्रीवाले या गोलात. सायकलवाले त्या गोलात. ज्यांच्याकडं दोन्ही हाय त्यांनी मधल्या भागात." पोरं ढकलाढकली करत उभी राहिली. माझ्याकडं छत्री नव्हती आणि सायकलही नव्हती. मी डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ घेऊन चालत आले होते. आता सगळ्यांना कळणार म्हणून मी हळूच जिन्याकडं सरकले. सरांनी बघितलं. "कुठं चाललीस? इकडं ये. तू गोलाच्या बाहेर हाईस, चौकोनाच्या न्हाईस." आणि मला खांद्याला धरून गोलांच्या बाहेर पण चौकोनाच्या आत आणून उभं केलं. मी खाली मान घालून उभी. मग म्हणाले, "आता दुसरा प्रश्न. तांबडा रस्सा खाणारे इकडं, पांढरा रस्सा खाणारे तिकडं." हे कोल्हापूर. सगळा वर्ग माझ्यासकट मधल्या भागात घुसला, पाय ठेवायला जागा उरली नाही. सर मात्र लिंगायत, त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. ते माझ्या मघाच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुठं हाय?" सगळे ओरडले, "चौकोनात." त्या दिवशी माझं भय गेलं. गणित यायला आणखी वेळ लागला.

संयोग आणि छेद यांची चिन्हं मी उलटसुलट करायचे. सरांनी डब्यातली वाटी काढून टेबलावर ठेवली. "ही सुलटी वाटी, हा संयोग. वरनं जे जे पडंल ते सगळं आत. ह्यातलं पडू दे, न्हायतर त्यातलं पडू दे." मग वाटी पालथी घातली. "हा छेद. हिच्याखाली झाकलं गेलं तेवढंच. ह्यातलं पण पायजे आणि त्यातलं पण पायजे." तरी मी संयोगात सामाईक घटक दोनदा लिहायचे. त्यावर ते चिडायचे नाहीत, फक्त थकल्यासारखं करायचे. "एक माणूस दोन घरात जेवला म्हणून दोन माणसं झाली व्हय ग? एकदाच लिही." आजही माझ्या हातून काही दोनदा लिहिलं गेलं की मला ते दोन घरं जेवणारा माणूस आठवतो.

त्यांच्या दोन गोष्टी मी कायमच्या घेतल्या. पहिली, 'तपासल्याशिवाय रिकामा म्हणायचं न्हाय.' त्यांनी एकदा विचारलं, दोननं भाग जाणाऱ्या मूळ संख्या किती? आम्ही सगळे एका सुरात, "एकपण न्हाय सर, रिक्त संच." सर शांतपणे म्हणाले, "दोन बसलाय की तिथं गप. त्याला न विचारताच बाहेर काढला तुम्ही." दुसरी गोष्ट अशी, की ज्याचे घटक नेमके सांगता येतात तोच संच. 'हुशार मुलं' हा संच नाही, 'चांगली गाणी' हा संच नाही. मी विचारलं होतं, "'माझी माणसं' हा संच हाय का सर?" ते हसून म्हणाले, "न्हाय. आज कोण आत असंल, उद्या कोण बाहेर, तुझं तुला तरी सांगता येईल का?" मी वहीत तसं लिहून घेतलं.

दहावी झाली, बारावी झाली, मग रक्त तपासायचा कोर्स केला. वडिलांनी पेढे वाटले ते आधी त्या माडीवर. आता मी शाहूपुरीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. सरांचा क्लास दोन गल्ल्या पलीकडं. येता जाता ते दिसायचे, छत्री असून भिजत चाललेले. एक दिवस ते लॅबमध्ये आले, बाही वर करून बसले आणि म्हणाले, "पाय सुजायलेत. डॉक्टरनं रक्त काढाय सांगितलंय. तुझ्याकडनंच काढून घेतो, दुसऱ्याचा भरवसा न्हाय." मीच रक्त काढलं. मीच यंत्राला लावलं. आकडा आला तेव्हा मी तो खोडून परत लावलं. परत तोच. तिसऱ्यांदा लावलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. संध्याकाळी सर रिपोर्टला आले तेव्हा मी म्हणाले, "मशीन बिघडलंय वाटतं सर." ते म्हणाले, "मशीनला शिव्या देऊ नको. आकडा सांग." मी सांगितला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले काही दिवस दवाखान्यात मशीनच्या खुर्चीत, उरलेले दिवस क्लासमध्ये. जिना चढता येईना तेव्हा खालच्या अडतदारानं पोती सरकवून जागा करून दिली आणि सर गुळाच्या रव्यांमध्ये बसून शिकवायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनी मिळाली तर बरं, हे असं फार दिवस चालायचं नाही, हृदयावर ताण येतोय. सरकारी यादीत नाव लावलं होतं, पण तिथली रांग लांब होती.

एकदा मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले होते. एका हातात सुया, दुसऱ्या हातानं त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन काढला. आत तीन गोल. "हे देणारे. हे जुळणारे. हे कायद्याला चालणारे, म्हंजे जवळच्या नात्यातले. तिन्हीचा छेद काढ." मी मनात एकेक नाव घालून बघितलं. त्यांचा रक्तगट ओ. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, पण त्याला मात्र ओ गटाचंच लागतं. मी द्यायला तयार होते, त्यात माझं काही मोठेपण नाही, माझ्या जागी तुम्हीही असता. पण माझा गट बी. काकूंचा ए, वर साखर. मूलबाळ नाही, आईवडील कधीच गेलेले. एक जुना विद्यार्थी, आता त्याचं गॅरेज आहे, तो ओ निघाला आणि नाचत आला. त्याला अवयवदानाची परवानगी देणाऱ्या समितीपुढं उभं केलं. नातं काय, विचारलं. "सर हायत माझे," एवढंच त्याला सांगता आलं. ते चाललं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात जुनी पोरं इतकी जमायची की वॉचमन ओरडायचा. सर खुर्चीतून बघायचे आणि म्हणायचे, "सुलटी वाटी भरून सांडतीया. पालथी घातली की खाली कोण न्हाय."

काकू म्हणजे कधी आवाज न चढवणारी बाई. त्या एक दिवस माझ्या लॅबच्या काउंटरवर आल्या, डोळे कोरडे, आणि मला म्हणाल्या, "तुझ्याकडं दिवसाला ओ वाले किती येत्यात ग? एकाला तरी विचारून बघ की." मी त्यांच्या अंगावर खेकसले. "काकू, काय बोलताय? असं कुठं विचारायचं असतंय का?" त्या पिशवी उचलून गेल्या. पण त्यानंतर माझं मलाच कळेना. कुणाचा गट ओ निघाला की मी मान वर करून त्या माणसाचं तोंड बघायला लागले. धडधाकट आहे का, दयाळू दिसतो का. एका कॉलेजच्या पोराकडं मी इतका वेळ बघत राहिले की त्यानं विचारलं, "मॅडम, काय निघालं काय मला?" माणूस हताश झाला की काय करेल याचा नेम नाही.

राहिला एकच माणूस. सरांचा धाकटा भाऊ. सर त्याला 'तम्मा' म्हणायचे, त्यांच्या कर्नाटक सीमेकडच्या घरात धाकट्या भावाला तसंच म्हणतात. तो चंदगडला भात आणि काजू करायचा. कायद्याच्या गोलात तो होता. जुळणाऱ्यांच्या गोलात आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यानं जन्मात रक्त तपासलं नव्हतं. सर त्याला विचारायला तयार नव्हते. "एकाच्याच शाळेचा खर्च झेपत हुता. तम्मा माझ्यापेक्षा हुशार. तरी त्यानं दप्तर फेकलं आणि म्हणाला, अण्णाला शिकू दे. एकदा त्याच्याकडनं घेतलंय मी. परत हात पसरणार न्हाय."

सरांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तो मोडला. काकूंना न सांगता सकाळची एसटी धरली आणि चंदगडला गेले. पाऊस असा की खिडकीची काच लावूनही मांडी ओली. तम्माकाका शेतात होते, गुडघाभर चिखलात, लावणी चालू. मी बांधावर उभी राहून ओरडून सगळं सांगितलं, कारण पावसात हळू बोललेलं ऐकू जात नव्हतं. असली गोष्ट ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. त्यांनी ऐकलं. हातातली रोपांची मूठ तशीच. त्यांची बायको पलीकडच्या ओळीतून म्हणाली, "हे पडलं तर आमचं कोण बघायचं? डोंगराचं काम हाय बाई." तम्माकाकांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लावणी उरकू दे. मग बघतो," म्हणाले आणि खाली वाकून रोपं लावायला लागले.

मला असा राग आला की परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईशी भांडले. तिची पिशवी माझ्या पायावर होती, एवढंच कारण. लावणी म्हणे. भाऊ मरायला टेकलाय आणि हे भाताची रोपं लावतायत. ज्याचं पोट शेतावर आहे तो लावणी सोडून उठत नाही, आभाळ पडलं तरी उठत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणूनच जास्त संताप येत होता.

मी गेले होते हे सरांना कळलंच. ते रागावतील असं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रोपं कशी हायत? पिवळी पडली न्हाईत न्हवं?" मी म्हणाले, "सर, मला रोपांचं काय विचारताय?" त्यांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मागं तू विचारलं हुतंस. माझी माणसं हा संच हाय का. मी न्हाय म्हटलं हुतं. चुकलं माझं. आता नेमकं सांगता येतंय." आणि बोटांवर नावं घेतली. काकू. मी. गॅरेजवाला. अडतदार. आणखी दोनचार पोरं. शेवटी तम्मा.

"त्यांचं नाव काढा," मी म्हणाले. "ते आले न्हाईत."

"न आलेला घटक बाहेर जात न्हाय सुजाता. तुझ्या रागानं तर न्हायच न्हाय."

त्यानंतर काही दिवसांनी, तिथंच, त्याच खुर्चीत, मशीन चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. मी लॅबमध्ये होते, फोन आला तेव्हा कुणाचं तरी रक्त माझ्या हातात होतं. मी पोहोचले तोवर चादर वर ओढलेली होती. वर्तमानपत्र बाजूला पडलं होतं आणि त्याच्या कडेला नेहमीसारखा चौकोन. आत काही काढलं नव्हतं.

मातीला अख्खा व्हरांडा लोटला होता. तम्माकाका आले नाहीत. रस्ता पाण्याखाली आहे, असं कुणीतरी म्हणालं. असेल. मी मनातल्या मनात त्यांना ठेवणीतल्या सगळ्या शिव्या दिल्या. काकू रडत नव्हत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "तुमचा गट कुठला?" कुणीतरी त्यांना आत नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंना जेवायला घालत होते, तेव्हा अंगणात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. तम्माकाका. हातात कापडी पिशवी, पायात चिखलानं भरलेल्या चपला. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. मी या म्हणाले नाही. काकूंनी आतून बघितलं आणि परत ताटाकडं मान वळवली. मी बाहेर आले.

"लावणी झाली," ते म्हणाले. "पिशवी भरली हुती. दवाखान्यात ऱ्हावं लागंल म्हणून दोन कापडं घेतली. एसटी बंद हुती, म्हटलं सुरू झाली की निघू. तवर फोन आला." पिशवी त्यांनी माझ्यापुढं उघडून धरली. खरंच, आत धुऊन घडी घातलेला लेंगा आणि सदरा होता.

मग त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केली. हात माझ्यापुढं धरला. लावणीनं कुजलेली बोटं, नखांत अजून माती. "तू रगत तपासतीस म्हणं. बघ की काढून. मला एवढं सांग. जुळलं असतं काय?"

माझ्या पर्समध्ये सगळं होतं. सुई, काचपट्टी, गट बघायच्या औषधाच्या तीन बाटल्या. घरोघरी जाऊन रक्त काढायचंही काम असतं माझं. गट ओ आहे की नाही हे मी तिथंच सांगू शकले असते. त्यांच्या हातावर शीर इतकी ठळक होती की डोळे झाकून सापडली असती. मी त्या हाताकडं बघत राहिले. मला एसटीतला राग आठवला. मला वाटलं, काढावं रक्त. ओ निघावं. कळू दे ह्यांना. जन्मभर कळू दे.

"न्हाय काका," मी म्हणाले. "नसतं जुळलं. तुमचा गट येगळा."

"न तपासता?"

"सरांनी सांगितलं हुतं. ल्हानपणी कधीतरी तपासला हुता म्हणं तुमचा. म्हणूनच त्यांनी तुम्हाला बोलावलं न्हाय. मला ते तुमच्याकडनं परत आल्यावर कळलं."

त्यांचा विश्वास बसला की त्यांनी तो बसवून घेतला, मला अजून कळलेलं नाही. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा न तपासता रिकामा म्हटलं होतं. शिकवणाऱ्याची माती अजून ओली होती.

मी त्यांची बाही खाली ओढली आणि बटण लावलं. दारातून बाजूला झाले. काकूंनी ताट थोडं पुढं सरकवलं. तम्माकाकांनी चपला काढल्या आणि ते आत आले.